मोकळी नव्हती ती जागा

दिवाळी उलटून वारा फिरला की माझी झोप पहाटेच मोडते. सोलापूरला कसली आली थंडी, असं पुण्याकडचे पाहुणे म्हणतात. म्हणोत. आमच्याकडं थंडी म्हणजे हवेतला ओलावा निघून जातो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दोरीवरचं धोतर वाळून पत्र्यासारखं कडक होतं आणि शिवारातल्या कोवळ्या ज्वारीचा हिरवा, गोडसर वास वाऱ्याबरोबर थेट गल्लीत येतो. अशा हवेत मी शाल गुंडाळून गल्लीच्या टोकाला जाते. समोर स्टेडियमची भिंत. आत पांढरे बूट घातलेली माणसं गोल गोल चालत असतात.

गेल्या आठवड्यात त्यांतल्या एका गृहस्थांनी मला सहज विचारलं, इथं पूर्वी काय होतं? मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या सोबत्यांनी उत्तर देऊन टाकलं, "काही नव्हतं हो. मोकळी जागा पडून होती."

मी शाळेत खेळ शिकवण्यात हयात घालवलेली बाई. मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा माझा आवाज आहे. तरी मी तो चढवला नाही. दोघांना कट्ट्यावर बसवलं आणि म्हटलं, ऐका. ते आवडीनं ऐकत होते की सभ्यपणापायी, ते मला कळलं नाही. पण घरी आल्यावरही माझं मन थांबेना, म्हणून आता लिहायला बसले.

बहात्तरचा दुष्काळ ओसरून गेला होता, पण माणसांच्या अंगावरून उतरला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मी कॉलेजात शिकत होते. वडील लहानपणीच गेलेले. घरात मी आणि अव्वा, म्हणजे माझी आई. आमच्या घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि चार घरं ओलांडली की तेलुगू. तीन भाषांमधून वाट काढतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

गल्लीच्या टोकाला जो उघडा पसारा होता त्याला आम्ही माळ म्हणायचो. पहाटे तो विणकरांचा असायचा. हातमागावर चढवण्याआधी लुगड्याच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ लावावी लागते. त्यासाठी ताणा लांबच्या लांब पसरायला हवा, आणि एवढी लांबी कुणाच्या घरात असते? मग उजाडता उजाडता अख्खी घरंच्या घरं माळावर उतरायची. दोन्ही टोकांना खुंट ठोकायचे, मधे फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्यांचा आधार द्यायचा, आणि त्यावर लाल, हिरवे, जांभळे धागे ताणून बसवायचे. पुरुष खळीत बुडवलेले कुंचे घेऊन ताण्याच्या दोन्ही अंगांनी चालत जायचे, बायका मागून चिकटलेले धागे बोटांनी सोडवत यायच्या. खळीचा तो आंबूस वास मला आजही भुकेचा वास वाटतो. कारण त्याच वेळी माळाच्या कडेला, कडुनिंबाखाली, अव्वाची चूल पेटलेली असायची.

अव्वा ज्वारीच्या कडक भाकरी करायची. पापडासारख्या पातळ, मंद आचेवर वाळवलेल्या, आठ-आठ दिवस टिकणाऱ्या. सोबत शेंगाची चटणी. बाजाराच्या दिवशी कुंभारीकडून, मोहोळकडून कडब्याच्या गाड्या यायच्या, माळावर बैल सुटायचे, आणि गाडीवान अव्वापुढं उकिडवे बसून भाकरी चटणीवर मोडायचे. कधी मंगळवेढ्याकडचे धनगर मेंढरं घेऊन मुक्कामाला असायचे. दुपारी शेंगा वाळत पडलेल्या असायच्या. आणि ऊन कललं की माळ आमचा.

आमचा म्हणजे खो-खो खेळणाऱ्या पोरींचा. आमचे शेख सर कॉलेजात खेळ शिकवायचे आणि पोरींचा संघ उभा करायचं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. पांढरा सदरा आणि निळी अर्धी विजार, हा आमचा पोशाख. पहिल्या दिवशी त्या विजारीवरून गल्लीत बरंच बोललं गेलं. अव्वानं एकदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की लुगडं नेसून पळता येत असेल त्यांनी आधी पळून दाखवावं. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, निदान तोंडावर तरी.

माळ खडकाळ होता. पळताना पडलं की गुडघे सोलून निघायचे. लाल मातीचं, रोलर फिरवलेलं, पाणी मारलेलं मैदान आम्ही फक्त एकदा पुण्याला स्पर्धेसाठी गेलो तेव्हा पाहिलं होतं. त्या मातीवरून परत येताना आमच्यातली एक मुलगी बसमध्ये रडली होती. मला ते रडणं पूर्ण समजलं होतं.

म्हणून माळावर मांडव पडला आणि स्टेडियम बांधणार असं जाहीर झालं, तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या मी वाजवल्या. क्रीडा समितीचे सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. गोरेपान, इस्त्रीच्या सफारीतले, गोड गळ्याचे गृहस्थ. त्यांनी सांगितलं की इथं सामने होतील, बाहेरगावचे संघ येतील, त्यांच्यामागं माणसं येतील. टांगेवाल्याला भाडं मिळेल, चहावाल्याला गिऱ्हाईक मिळेल, लॉज भरतील, चादरी विकल्या जातील. गावाचं नाव होईल. आणि गॅलरीच्या खाली दुकानांचे गाळे निघतील. ज्याची ज्याची इथली जागा जाईल, त्याला पहिला गाळा. एवढं बोलून त्यांनी हात जोडले.

मांडवात विणकर होते, गाडीवान होते, अव्वा होती. अव्वाच्या शेजारी राजम्मा बसली होती. राजम्माच्या घरात दोन माग होते आणि पहाटेच्या ताण्यावर हुकूम तिचाच चालायचा. तिचा ठणठणीत आवाज माळाच्या पलीकडं ऐकू जायचा, "आगु, आगु", तेलुगूत थांबा, थांबा म्हणून, आणि बांधून ठेवलेले बैलसुद्धा थबकायचे. त्या सभेत मात्र तिच्या आधी अव्वा उठली. तिनं विचारलं, "गाळा देताव ते बरं हाय. पर बांधून होईस्तवर आमी कुटं बसायचं?"

सेक्रेटरी हसले. म्हणाले, बांधकाम तर होऊ द्या बाई, तुमची चूल कुणी विझवत नाही.

त्यांचं हे वाक्य त्या हिवाळ्यात तरी खरं ठरलं. बांधकामाला माणसं आली ती कोरड्या तालुक्यांतून आली. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून ज्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते अशी अख्खी कुटुंबं, भांड्याकुंड्यांसकट. त्यांनी माळाच्या उत्तर अंगाला पालं ठोकली. पाया खणायला सुरुवात झाली आणि आमच्या गल्लीचं नशीब उघडलं असं सगळेच म्हणू लागले. लोहाराकडं टिकावांना पाणी द्यायला रांग. किराणा दुकानात तेल-मिठाला गिऱ्हाईक. ज्यांच्याकडं जास्तीची खोली होती त्यांनी मुकादमाला भाड्यानं दिली. आणि अव्वाची एक चूल होती तिथं तीन झाल्या. मदतीला गल्लीतल्या दोघी विधवा बायका घेतल्या. थंडीच्या सकाळी त्या तीन चुलींचा धूर सरळ वर न जाता जमिनीवरून रांगत जायचा, आणि त्यातून डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका चालताना दिसायच्या. मी कॉलेजला जाण्याआधी पीठ चाळायला बसायचे. हाताला काम, पोटाला गिऱ्हाईक, आणि डोळ्यांसमोर उगवत असलेलं लाल मातीचं मैदान. त्या दिवसांत मी सुखी होते, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

विणकरांचं मात्र उलटं झालं. माळावर पत्रे उभे राहिले तशी त्यांची पहाट रस्त्यावर आली. आमच्या गल्लीतून जाणारा मोठा रस्ता तेवढा लांब होता. भल्या सकाळी ते तिथं ताणा पसरू लागले. सायकलवाले गिरणीचा भोंगा गाठायच्या घाईत असायचे, त्यांना वाट द्यायला दर वेळी कैच्या उचलाव्या लागायच्या, धागे ढिले पडायचे. राजम्मा आता सकाळभर ओरडत असायची, पण रस्ता काही बैल नव्हे.

एका सकाळी दगड घेऊन येणारा ट्रक वळणावरून आला. धुकं नव्हतं, काही नव्हतं, सूर्य अगदी त्याच्या डोळ्यांत होता. राजम्माचा आवाज त्याला ऐकू गेला नाही. ताण्याच्या मधून ट्रक निघून गेला. लग्नसराईसाठी घेतलेलं हिरव्या लुगड्यांचं काम होतं ते. धागे सुटून रस्त्यावर गवतासारखे लोळत पडले. ड्रायव्हर उतरून आला, हात जोडून उभा राहिला. गरीब माणूस होता. त्याला कुणी मारलं नाही.

राजम्मा रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली आणि तुटलेलं एकेक टोक शोधून गाठ मारू लागली. मी कॉलेजला गेले, परत आले, सरावाला गेले, तरी ती तिथंच. शेवटी अव्वा तिच्यासमोर जाऊन बसली. कानडीत विचारलं, "ऊट आतेन?" जेवलीस का, एवढंच. राजम्माला कानडी येत नव्हतं, पण हे कळायला भाषा लागत नाही. तिनं नुसती मान हलवली. अव्वानं भाकरी पुढं केली, आणि ती खात असताना अव्वा तिच्या जागी बसून गाठी मारत राहिली. अव्वाला ते जमत नव्हतं. तरी ती मारत राहिली.

त्या संध्याकाळी अव्वा मला म्हणाली, "आपल्या तीन चुली पेटल्या, तिचं घर इझालं. ह्ये एकाच मापाचं हाय, नंदा. हिकडचं तिकडं झालंय." मी वाद घातला. म्हटलं, गाळे मिळाले की सगळ्यांचं नीट होईल.

पुढच्या वर्षी माघ लागला तेव्हा गॅलरी पूर्ण झाली. रंगाचा वास सुटला. पालं उठली, ती कुटुंबं जशी आली तशी भांडी डोक्यावर घेऊन दुसऱ्या कामाकडं निघून गेली. लोहाराचा भाता शांत झाला. रिकाम्या झालेल्या खोल्यांची भाडी मात्र खाली आली नाहीत. स्टेडियमजवळची खोली म्हणून घरमालक चढाच दर सांगू लागले. अव्वाच्या दोन चुली विझल्या. आणि त्याच सुमारास बातमी आली की गाळ्यांचा लिलाव होणार. आतलं उपाहारगृह कुणा हॉटेलवाल्याला देऊनही झालं होतं. उद्घाटनाला मुंबईहून बडे पाहुणे येणार होते, तेव्हा दर्शनी भागातली चूल, खुंट, बाजा, जे काय असेल ते आठ दिवसांत हलवावं, असा निरोप घेऊन समितीचा माणूस घरोघर फिरला.

अव्वा सेक्रेटरींच्या घरी गेली. मीही गेले. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, एकही शब्द वाकडा बोलले नाहीत. म्हणाले, खर्च वाढला, समितीवर बोजा आहे, लिलाव केल्याशिवाय इलाज नाही. तुम्हीही लिलावात बोली लावा, तुम्हाला कोण अडवतंय?

अव्वा म्हणाली, "मांडवात तुमी म्हणला हुता, पैला गाळा आमाला."

"म्हणालो होतो बाई. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

"आमची बी वेगळी हुती," अव्वा म्हणाली. "तवा आमाला जागा हुती."

चहा तसाच ठेवून आम्ही उठलो. दारात सेक्रेटरींनी मला थांबवलं. उद्घाटनाला मुलींचा खो-खोचा सामना ठेवलाय, तुझं नाव पहिलं आहे, चांगलं खेळ, जिल्ह्याचा संघ मीच निवडणार आहे. हे सगळं त्यांनी प्रेमानं सांगितलं. त्या प्रेमाचा मला जो राग आला तो इतक्या वर्षांत उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी संघातल्या सगळ्या मुलींना सांगितलं, गाळे मिळेपर्यंत आत खेळायचं नाही, अव्वाबरोबर दारात बसायचं. कुणाचा बाप टांगा हाकायचा, कुणाची आई विड्या वळायची, दोघी तर विणकरांच्याच घरच्या. वेळ लागला. एकीच्या घरी कळलं तर शिक्षण बंद होणार होतं. एकीनं सरळ विचारलं की आपल्याला त्या मातीवर पुन्हा खेळता आलं नाही तर? खो-खोत पाठीवर खो बसला की उठायचं असतं, एवढंच मला येत होतं. कुणी खो दिला, का दिला, हे विचारत बसलेली मुलगी बादच होते. मग आम्ही शेख सरांकडं गेलो. त्यांनी शिट्टीच्या दोरीला पीळ दिला. मग आपल्या दखनीत म्हणाले, "मैं खेलो बी नै बोलता, नक्को खेलो बी नै बोलता. तुम जहाँ बैठेंगे, मैं वहाँ आके खड़ा रहूँगा." सरांची नोकरी समितीच्या मर्जीवर होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

उद्घाटनाच्या सकाळी थंडी परत फिरून आल्यासारखी पडली होती. दर्शनी दरवाज्यावर झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, खाली रांगोळी. उजाडताच राजम्मा आली, मागं तिच्या घरची आणि शेजारची माणसं. त्यांनी दरवाज्याच्या दोन्ही अंगांना, जरा लांब, खुंट ठोकले. कैच्या उभ्या केल्या. आणि गुलालासारख्या रंगाचा एक नवाकोरा ताणा दरवाज्यासमोरून आडवा ताणून घेतला. मग कुंचे खळीत बुडवले आणि काम सुरू केलं, जणू रोजच इथं पसरत होते. रोजच पसरत होते की. ताण्याच्या एका टोकाला अव्वानं चूल मांडली. तिच्याबरोबरच्या दोघी बायकांनी पीठ मळायला घेतलं.

आम्ही पोशाख करून आलो आणि ताण्याच्या कडेनं रांगेत बसलो. खो-खोत बसतात तशा, एकीचं तोंड स्टेडियमकडं, तिच्या शेजारणीचं रस्त्याकडं. शेख सर रांगेच्या टोकाला येऊन हात मागं बांधून उभे राहिले.

पोलीस आले. हवालदारानं राजम्माला सांगितलं, हे काढा. राजम्मा म्हणाली, "ओली आहे, साहेब. आता काढली तर सगळी चिकटते. तुमाला तोडायचं तर तोडा. पण हातानं तोडा, काठी लावू नका." तिच्या मराठीत ताणा नेहमीच बाईमाणूस असायचा. हवालदारानं हात पुढं केला. बोटं धाग्यांना लागली, खळ त्यांना चिकटली. त्यानं हात मागं घेतला, रुमालानं पुसला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. एवढ्याशा धाग्यांना तोडायला किती बळ लागलं असतं? पण ते कुणाचं तरी लुगडं होतं, लग्नाचं असेल, आणि सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या हातानं ते होत नाही. निदान तेव्हा होत नव्हतं.

तोवर रस्ता भरून गेला होता. गिरणीची पाळी सुटून आलेले, बाजाराला आलेले, शाळेला निघालेले. पाहुण्यांची मोटार आली आणि गुलाबी धाग्यांसमोर थांबली. आतून पाहुणे उतरले. त्यांनी विचारलं, हे काय आहे? सेक्रेटरी पुढं धावले. म्हणाले, काही नाही साहेब, ही इथली पारंपरिक कला, आपल्या स्वागतासाठी मांडली आहे.

लोक हसले. अव्वा हसली नाही. ती चुलीपासून उठून पिठाच्या हातांनी पुढं आली.

"स्वागताला न्हाय, साहेब," ती म्हणाली. "आमची जागा घिऊन ह्ये बांधलंय. गाळा देतो म्हणलं हुतं, दिला न्हाय. म्हणून हितं बसलोय."

पाहुण्यांनी सेक्रेटरींकडं पाहिलं. मग अव्वाला म्हणाले, मी जातीनं लक्ष घालतो, आत्ता एवढं बाजूला घ्या.

"तुमी मुंबईला जाणार," अव्वा म्हणाली. "आमी ह्यांच्या दारात ऱ्हाणार. किल्ल्या ह्यांच्याच खिशात हायत. तुमच्या म्होरं देऊ द्या."

तिचा आवाज तापलेला नव्हता. भाकरी उलटताना बोलावं तशी ती बोलत होती. मी आयुष्यात कितीतरी सामने पाहिले, हरले, जिंकले. असं उभं राहिलेलं दुसरं कुणी मला आठवत नाही.

कुजबूज झाली, बाजूला नेऊन बोलणी झाली. शेवटी दोन गाळ्यांच्या किल्ल्या अव्वाच्या पिठानं माखलेल्या हातात पडल्या. उत्तरेच्या भिंतीबाहेरची पट्टी सकाळच्या वेळी विणकरांना मोकळी राहील, असं पाहुण्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, झालं ना मनासारखं, आता काढा हे.

राजम्मानं ताण्यावरून तळहात फिरवला. "अजून ओली आहे," ती म्हणाली.

म्हणून बडे पाहुणे मजुरांनी ये-जा करायला भिंतीत ठेवलेल्या फटीतून, अंग चोरून, स्टेडियममध्ये गेले. तो सामना आम्ही खेळलो. ती लाल माती पायांखाली अशी लागली की अजून आठवते. ओली, गार, आणि पडलं तरी न सोलणारी. पुढच्या गॅलरीत अव्वा आणि राजम्मा शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि मी एकेकीला बाद करत गेले तशी राजम्मा "आगु, आगु" म्हणून ओरडत होती. थांबा हा शब्द तिथं चुकीचा होता, पण तिला दुसरं ओरडायचं माहीत नव्हतं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात आमच्यातली एकही नव्हती, पुढच्या वर्षीही नाही. शेख सरांना समितीनं पुन्हा कधी पंच म्हणून बोलावलं नाही. ते त्यांनी आम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, उलट आम्हाला दुप्पट पळवलं. मला मोहोळच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची नोकरी मिळाली, आणि कितीतरी वर्षं मी पहाटेच्या एस.टी.नं जाऊन तिथल्या पोरींचे गुडघे सोलले. मिळालेले दोन गाळे सगळ्यांत वाईट होते, मुतारीला लागून, पश्चिमेच्या उन्हात. अव्वा आत बसलीच नाही. आत पीठ, लाकडं, डबे. आणि चूल बाहेर, उघड्यावर, पहिल्यासारखी. त्या गाळ्यांतून तिच्याबरोबरच्या दोघी विधवांची मुलं शिकली. बाकीच्या गाळ्यांत सायकलची, मग मोटारींच्या सामानाची, मग फरशांची दुकानं आली. ज्या बाहेरगावच्या गर्दीचं स्वप्न मांडवात दाखवलं होतं ती वर्षातून एखाददुसऱ्या सामन्याला यायची, आणि उपाहारगृहात चहा पिऊन परत जायची.

विणकरांच्या पट्टीवर आणखी काही वर्षं ताणे पसरले गेले. मग यंत्रमाग आले, खळ लावायचे कारखाने निघाले, राजम्माचे मुलगे तिकडं कामाला लागले, आणि पट्टीवर स्कूटर उभ्या राहू लागल्या. हे दाखवून मला शहाणी माणसं सांगतात, बघा, तुम्ही भांडलात काय, न भांडलात काय, हे जाणारच होतं. मी त्यांना विचारते, मरण येणारच आहे म्हणून तुम्ही आज जेवायचं सोडलंय का? ती काही वर्षं राजम्माची होती. त्या वर्षांत तिच्या घरात दोन लग्नं झाली, एक पुतण्या डॉक्टर व्हायला निघाला, तिनं स्वतः आयुष्यातलं पहिलं चांगलं लुगडं न विकता नेसलं. जे जाणार होतं ते जायच्या आधी कुणाच्या हातात राहिलं, ह्याचा हिशेब कुणी करत नाही, कारण तो करायला लागलं की माणसांची तोंडं आठवावी लागतात.

आणि स्टेडियम नको होतं का मला? हवं होतं. आजही हवं आहे. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी मी आत जाते, गल्लीतल्या पोरींना खो-खो शिकवते. ती माती मला फार प्रिय आहे. म्हणून तर ती कुणाच्या जागेवर अंथरली आहे, हे विसरायला मी तयार नाही. दोन्ही गोष्टी एका छातीत मावतात. माझ्या मावल्या आहेत.

अव्वा गेली, राजम्मा गेली. आता त्या दोन गाळ्यांत राजम्माची सून आणि त्या दोघी विधवांच्या सुना मिळून भाकरी करतात. पुण्या-मुंबईला डबे जातात. परवा सकाळी मी तिथं चहा घेत बसले होते तेव्हा एक तरुण साहेब आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजायची फीत. मुलगा चांगला होता, वाकून नमस्कार केला. म्हणाला, स्टेडियमचं नूतनीकरण आहे, ही गॅलरी पाडून नवी बांधायची आहे, गाळ्यांची मापं घ्यायला आलोय. राजम्माच्या सुनेनं तव्यावरचा हात न थांबवता विचारलं की आम्ही कुठं जायचं?

"पर्यायी जागा देणार आहेत ना मावशी. सगळ्यांना देणार आहेत."

"कुठं?" मी विचारलं.

तो म्हणाला, ते अजून ठरायचंय, पण नक्की देणार आहेत, तुम्ही काळजी करू नका. आणि फितीचं टोक भिंतीच्या कोपऱ्याशी जमिनीवर ठेवून तो मागं मागं जाऊ लागला. मी उठले. ह्या वयात गुडघे उठताना आवाज करतात. चार पावलं गेले आणि त्या टोकावर पाय ठेवला.

त्यानं फीत ओढली. ती हलली नाही. त्यानं वर पाहिलं. चुलीजवळच्या बायका भाकरी थापायच्या थांबल्या होत्या. वारा कोरडा होता, ऊन नुकतंच भिंतीवरून खाली उतरत होतं.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "जरा पाय काढता का?"

"नाही," मी म्हटलं.